वाचकांचे प्रश्न : याकोबाचे आशीर्वाद आणि मिसरातील सुटकेचा आरंभ

या वेळी आलेली बहुतेक पत्रे इब्री पवित्रशास्त्रातील एकाच टप्प्याविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. उत्पत्ती हा पहिला ग्रंथ संपतो तो वृद्ध याकोब आपल्या नातवांना व मुलांना आशीर्वाद देऊन डोळे मिटतो आणि पाठोपाठ त्याचा मुलगा योसेफही मिसर देशातच (म्हणजे इजिप्तमध्ये) मरण पावतो तेथे. निर्गम हा दुसरा ग्रंथ उघडतो तेव्हा त्याच कुटुंबाची संतती मोठी झालेली असते आणि लवकरच ती फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, वेठबिगारीत अडकते. या दोन ग्रंथांच्या मधली जागा आपण सहसा घाईने ओलांडतो, कारण आपल्याला, सुटकेचा नेता मोशे याच्याशी देव जेथे बोलला त्या जळत्या झुडपापाशी आणि लोकांना वाट देणाऱ्या दुभंगलेल्या समुद्रापाशी पोचायचे असते. पत्रलेखकांनी तेथे थांबून प्रश्न विचारले, याचा मला मनापासून आनंद झाला.

प्रश्न : याकोबाने स्वतः धाकटा असताना थोरल्या एसावाचा आशीर्वाद कपटाने मिळवला आणि त्याची फळे पुढे वर्षानुवर्षे भोगली. मग मरणशय्येवर नातवांना आशीर्वाद देताना त्याने पुन्हा थोरल्याला मागे आणि धाकट्याला पुढे का केले? (पनवेल येथील वाचक)

उत्तर : उत्पत्तीचा ४८वा अध्याय २७व्या अध्यायाशेजारी ठेवून वाचला, तर लेखकाने ही दोन दृश्ये जाणूनबुजून एकमेकांसमोर उभी केली आहेत हे लक्षात येते. दोन्ही ठिकाणी म्हातारपणाने दृष्टी मंदावलेला कुलपुरुष आहे, समोर दोन भाऊ आहेत आणि आशीर्वाद धाकट्याच्या पदरात पडतो. मात्र २७व्या अध्यायात याकोबाचा बाप इसहाक फसवला जातो; हातांना करडांची कातडी बांधून आलेल्या याकोबाला तो एसाव समजतो, आणि खरा प्रकार कळल्यावर त्याला कापरे भरते. ४८व्या अध्यायात फसवणूक कोणाचीच होत नाही. योसेफ थोरल्या मनश्शेला याकोबाच्या उजव्या हाताशी आणि धाकट्या एफ्राईमला डाव्या हाताशी येईल असा उभा करतो, आणि याकोब हातांची अढी घालून उजवा हात एफ्राईमच्या डोक्यावर ठेवतो. योसेफाला ते खटकते, तो वडिलांचा हात उचलून बाजूला करू पाहतो, तेव्हा म्हातारा म्हणतो, ‘‘मला ठाऊक आहे, माझ्या मुला, मला ठाऊक आहे.’’ डोळ्यांना दिसत नसलेला हा माणूस पूर्ण जाणतेपणाने आशीर्वाद देतो आहे. त्याच्या स्वतःच्या बापाला ती संधी मिळाली नव्हती, आणि ती हिरावून घेणारा तो स्वतःच होता.

दुसरा भेद मला अधिक मोलाचा वाटतो. एसावाने रडून विनवले, ‘‘बाबा, तुमच्याजवळ एकच आशीर्वाद आहे काय?’’, आणि त्याच्या वाट्याला सुपीक भूमीपासून दूर राहण्याचे व तलवारीवर जगण्याचे भवितव्य आले. मनश्शेला मात्र काहीच नाकारले जात नाही. तोही एक राष्ट्र होईल, तोही थोर होईल, असे याकोब स्पष्ट सांगतो आणि दोघांना एकाच वाक्यात आशीर्वाद देतो. काइन आणि हाबेल, इश्माएल आणि इसहाक, एसाव आणि याकोब, योसेफ आणि त्याचे भाऊ अशी भावाभावांतील वैराची किंवा ताटातुटीची मालिका ज्या ग्रंथात चालत आली, त्या ग्रंथाच्या अखेरीस अशी एक जोडी भेटते जिच्यात धाकटा पुढे जातो आणि थोरला त्याचा द्वेष करीत नाही. या कथेचा मान तिच्यातल्या क्रमबदलाहून या शांततेसाठी अधिक राखला पाहिजे, असे माझे मत आहे.

पुढच्या काळात एफ्राईमचा वंश खरोखरच वरचढ ठरला. मोशेनंतर नेतृत्व करणारा यहोशवा एफ्राईमी होता, उत्तरेच्या राज्याचा पहिला राजा यराबाम हाही एफ्राईमीच, आणि होशेयासारखे संदेष्टे त्या संपूर्ण राज्याला एफ्राईम याच नावाने हाक मारतात. म्हणून अनेक अभ्यासक असे मानतात की ही कथा ज्या रूपात आपल्यापर्यंत आली त्या रूपात नंतरच्या काळातील या वस्तुस्थितीचे कारण सांगण्याचाही हेतू आहे. तरीही शास्त्र सरळ रेषेत चालत नाही. गणना या ग्रंथातील पहिल्या शिरगणतीत एफ्राईमचे ४०,५०० आणि मनश्शेचे ३२,२०० पुरुष मोजले आहेत, तर दुसऱ्या शिरगणतीत मनश्शेचे ५२,७०० आणि एफ्राईमचे केवळ ३२,५०० आहेत. नुसत्या संख्येवर आशीर्वाद मोजणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

याच प्रसंगी याकोब म्हणतो की इस्राएल लोक, म्हणजे त्याचे वंशज, पुढे आशीर्वाद देताना ‘देव तुला एफ्राईम व मनश्शे यांच्यासारखे करो’ असे म्हणतील. शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विसाव्याच्या दिवसाच्या, आरंभी शुक्रवारी संध्याकाळी आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून हेच वाक्य उच्चारतात, ही यहुदी घरांतील रीत आजही टिकून आहे. मुलींसाठी सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांची नावे घेतली जातात, आणि त्यानंतर मोशेचा भाऊ व याजक अहरोन याने द्यावयाचा ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे रक्षण करो’ हा आशीर्वाद म्हटला जातो. ज्या दोन मुलांचा जन्म परदेशात, मिसरी आईच्या पोटी, राजदरबाराच्या वैभवात झाला आणि तरीही आजोबांनी ज्यांना ‘रऊबेन व शिमोन यांच्याप्रमाणेच हे माझे’ असे म्हणून पोटाशी धरले, त्यांची नावे पुढच्या सगळ्या मुलांसाठी निवडली जावीत, हे परक्या मुलखात संसार थाटणाऱ्या कोणत्याही आईबापांना उमगेल.

प्रश्न : ४९व्या अध्यायाला ‘याकोबाचे आशीर्वाद’ म्हणतात, परंतु रऊबेन, शिमोन आणि लेवी यांना तो चक्क खडसावतो. त्याला आशीर्वाद कसे म्हणावे? (सोलापूर येथील वाचक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. रऊबेन पाण्यासारखा अस्थिर ठरवला जातो, कारण त्याने बापाच्या उपपत्नीशी, बिल्हेशी, संग केला होता. त्याचे थोरलेपण तेथेच संपते. शिमोन आणि लेवी यांनी बहीण दीना हिच्यावरील अत्याचाराचा सूड म्हणून शखेम नगरातील पुरुषांची, ते सुंतेच्या वेदनेत असताना, कत्तल केली होती. याकोब ते विसरलेला नाही. ‘त्यांचा क्रोध शापित असो, कारण तो भयंकर होता; मी त्यांना याकोबात विभागीन, इस्राएलात पांगवीन,’ असे त्याचे शब्द आहेत. आणि तरीही अध्यायाच्या शेवटी निवेदक सांगतो की त्याने प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे आशीर्वाद दिला.

येथे दोन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. शाप क्रोधाला दिला आहे, मुलांना नाही. त्यांना बारा भावांतून काढूनही टाकलेले नाही. दुसरी गोष्ट काळाच्या ओघात उलगडते. पांगवले जाण्याचे तेच भाकीत दोन भावांच्या बाबतीत दोन वेगळ्या रीतींनी खरे ठरले. शिमोनाला यहूदाच्या हद्दीतच थोडी गावे मिळाली आणि अनुवाद या पाचव्या ग्रंथाच्या ३३व्या अध्यायात मोशे वंशांना आशीर्वाद देतो तेथे शिमोनाचे नावदेखील येत नाही. लेवीलाही स्वतःचा सलग प्रांत मिळाला नाही. पण त्याच्या वंशजांना सगळ्या वंशांच्या प्रदेशांत मिळून ४८ नगरे देण्यात आली आणि लोकांना नियमशास्त्र शिकवणे, निवासमंडपाची, म्हणजे फिरत्या उपासनास्थानाची, व पुढे मंदिराची सेवा करणे हे काम त्यांच्याकडे आले. पांगणे टळले नाही, पण पांगलेल्यांना काम मिळाले.

आणि निर्गमाचा दुसरा अध्याय कसा सुरू होतो? ‘लेवीच्या घराण्यातील एका पुरुषाने लेवीच्याच वंशातील मुलीशी लग्न केले.’ त्या दोघांची नावे, अम्राम आणि योखबेद, सहाव्या अध्यायापर्यंत आपल्याला कळत नाहीत. कळतो तो फक्त वंश, आणि तोही ज्याच्या क्रोधाला शाप मिळाला तो. लेवी, कहाथ, अम्राम, मोशे अशी ती वंशावळ आहे. इसहाकाचा बाप अब्राहाम याला देवाने सांगितले होते की त्याची संतती परक्या देशात ४०० वर्षे जाच सोसील आणि चौथ्या पिढीत परत येईल. वंशावळीत लेवीपासून मोजले तर मोशे चौथा येतो. या मोशेच्या अंगातही पणजोबाचा ताप आहे. इब्री माणसाला मारणाऱ्या मिसऱ्याला तो ठार करतो आणि प्रेत वाळूत पुरतो. मात्र लेवीची तलवार घराण्याच्या अब्रूसाठी एका अख्ख्या नगरावर चालली, तर मोशेचा हात मार खाणाऱ्या एका मजुरासाठी उठला, आणि नंतर मिद्यानात विहिरीपाशी मेंढपाळ सात बहिणींना हुसकावू लागले तेव्हा तो पुन्हा उठला, पण या वेळी कोणाचा जीव न घेता. याकोबाने ज्या स्वभावाला लगाम घातला तोच स्वभाव पिढ्यांनंतर दुबळ्यांच्या बाजूने उभा राहिलेला दिसतो. कठोर सत्य सांगणारा बाप आशीर्वादच देत असतो असे सरसकट म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. लेवीच्या बाबतीत मात्र शास्त्राने ते दाखवून दिले आहे.

प्रश्न : योसेफाचे दोन मुलगे दोन वंश धरले, तर एकूण वंश १३ होतात. मग १२ कसे म्हणतात? (कुडाळ येथील वाचक)

उत्तर : भूमीच्या वाटणीत लेवीला वाटा नाही आणि योसेफाच्या ऐवजी एफ्राईम व मनश्शे असे दोन वाटे आहेत, म्हणून बेरीज १२च राहते. उत्पत्तीच्या ४९व्या अध्यायात मुलांची यादी असल्याने तेथे लेवी आणि योसेफ दोघेही येतात. योसेफाला मिळालेला हा दुप्पट वाटा म्हणजे थोरल्या मुलाचा हक्क होय, जो रऊबेनाच्या हातून गेला.

प्रश्न : शिप्रा आणि पुवा या सुइणींनी फारोला खोटे सांगितले. देवाने त्यांचे कल्याण केले असे शास्त्र म्हणते, तेव्हा ते खोटे बोलण्याचे बक्षीस होते का? (नाशिक येथील वाचक)

उत्तर : प्रसंग असा आहे. योसेफाला न ओळखणारा नवा राजा इस्राएल लोकांची वाढ पाहून घाबरतो. आधी तो त्यांना पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरे बांधण्याच्या वेठीला धरतो. पण जितका जाच वाढतो तितके ते वाढतात. तेव्हा तो सुइणींना बोलावून सांगतो की इब्री बायकांना मुलगा झाला तर तो मारून टाकावा आणि मुलगी झाली तर जगू द्यावी. त्या तसे करीत नाहीत, आणि जाब विचारला असता सांगतात की इब्री बायका दणकट आहेत, आम्ही पोचण्याआधीच त्या बाळंत होतात.

या उत्तराविषयी संत ऑगस्टीन यांनी असा निवाडा केला की देवाने त्यांच्या दयेचे फळ दिले, असत्याचे नव्हे. मूळ मजकूर याहून साधा आहे. त्यांनी देवाचे भय धरले म्हणून देवाने त्यांची घराणी वसवली, एवढेच तो सांगतो. फारोला दिलेल्या उत्तराची तो स्तुती करीत नाही आणि निंदाही करीत नाही. माझे मत विचाराल तर बाळाच्या जिवावर उठलेल्या राजाला त्या बाळाचा ठावठिकाणा सांगण्याचे कर्तव्य कोणत्याही सुइणीवर नाही, आणि हे मी कोणतीही पळवाट म्हणून म्हणत नाही.

या सुइणी स्वतः इब्री होत्या की इब्री बायकांची बाळंतपणे करणाऱ्या मिसरी होत्या, हा वाद जुना आहे. मूळ वाक्याचे दोन्ही अर्थ होतात. ग्रीक अनुवादाने व इतिहासकार योसेफस याने त्या मिसरी असल्याचे सूचित केले, तर तालमूद या यहुदी परंपरेच्या ग्रंथात त्यांची ओळख मोशेची आई योखबेद आणि बहीण मिर्याम अशी दिली आहे. त्या मिसरी असतील तर कथा आणखी उंच जाते, कारण मग सुटकेसाठी पहिला धोका पत्करणाऱ्या व्यक्ती इस्राएल लोकांपैकी नव्हत्याच. एक गोष्ट मात्र वादापलीकडे आहे : इतक्या मोठ्या राजाचे नाव निर्गमाने कोठेही नोंदवलेले नाही आणि या दोन सुइणींची नावे नोंदवली आहेत. राजा मुलींना निरुपद्रवी समजून जगू देतो, आणि त्याचा बेत उधळतात त्या सगळ्या बायकाच : दोन सुइणी, मूल तीन महिने लपवून मग लव्हाळ्यांच्या पेटाऱ्यात ठेवणारी आई, काठावर पाळत ठेवणारी बहीण, आणि खुद्द राजाची मुलगी, जी त्या मुलाच्या आईलाच पगार देऊन त्याची दाई नेमते.

प्रश्न : सुटकेचा खरा आरंभ जळत्या झुडपापासून धरावा, असे आमच्या अभ्यासगटात ठरले. आपले मत काय? (छत्रपती संभाजीनगर येथील वाचक)

उत्तर : मी तो मागे, योसेफाच्या मृत्यूशय्येपाशी धरतो. याकोबाच्या मृत्यूनंतर भावांना भीती वाटते की योसेफ आता सूड उगवील. योसेफ रडतो आणि म्हणतो, ‘‘तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने ते चांगल्यासाठी योजले.’’ हा समेट झाला नसता, तर फारोच्या वेठीला धरता येईल असे एक लोकसमूह म्हणून इस्राएल उरलेच नसते आणि सोडवायलाही कोणी उरले नसते. पुढे ११० वर्षांचा होऊन मरताना योसेफ म्हणतो की देव खचित तुमची भेट घेईल आणि अब्राहाम, इसहाक व याकोब यांना शपथेने देऊ केलेल्या देशात तुम्हाला नेईल, तेव्हा माझ्या अस्थी येथून घेऊन जा. भावांकडून तो तशी शपथ घेतो. त्याच्या देहात मसाले भरून तो मिसरात पेटीत ठेवतात, आणि उत्पत्ती तेथे संपते.

आता होरेब डोंगरावरील जळत्या झुडपापाशी या. देव मोशेला सांगतो की इस्राएलाच्या वडीलजनांना जमवून त्यांना सांग, ‘मी खचित तुमची भेट घेतली आहे.’ योसेफाने जे वाक्य भविष्यकाळात म्हटले, तेच येथे घडलेले म्हणून सांगायचे आहे. चौथ्या अध्यायाच्या शेवटी लोक विश्वास ठेवतात तेव्हा शास्त्र चमत्कारांबरोबरच हेही नोंदवते की परमेश्वराने आपली भेट घेतली आहे हे ऐकून ते नमले. यहुदी परंपरेतील एका कथेप्रमाणे हे वाक्य ओळखणारी व्यक्ती होती याकोबाचा मुलगा आशेर याची मुलगी सेरह. मिसरात उतरलेल्या कुटुंबाच्या यादीत तिचे नाव आहे आणि थेट गणनाच्या २६व्या अध्यायातही ते पुन्हा येते, त्यावरून परंपरेने तिला अतिदीर्घायुषी मानले. मोशे आला तेव्हा वडीलजन तिच्याकडे गेले आणि तिने सांगितले की हीच ती खूण. कथा नंतरची आहे, पण तिने दोन ग्रंथांमधला धागा अचूक पकडला आहे. मोशे राजवाड्यात वाढलेला, मग मिद्यानात मेंढरे राखलेला माणूस. त्याच्यावर विश्वास बसण्याचे कारण त्याच्या वक्तृत्वात नव्हते, कारण आपली जीभ जड आहे असे तो स्वतःच सांगतो. त्याने आणलेले शब्द घराघरांत सांभाळलेल्या शपथेतले होते. आणि निघण्याच्या रात्री इतरांची धावपळ चालली असताना मोशेने योसेफाच्या अस्थी सोबत घेतल्या, असे १३वा अध्याय सांगतो. त्या पुढे शखेम येथे, याकोबाने विकत घेतलेल्या जमिनीत पुरल्या गेल्या.

आपल्या गटाने झुडूप निवडले त्यात चूक नाही. तेथे देव प्रथमच मोशेशी बोलतो. फक्त तो स्वतःची ओळख ‘तुझ्या पित्याचा देव’ अशी करून देतो, हे गटाने पुन्हा वाचावे.

प्रश्न : या घटनांना इतिहासाचा आधार आहे का? (डोंबिवली येथील वाचक)

उत्तर : मिसरच्या कोणत्याही ज्ञात लेखात मोशेचे अथवा निर्गमाचे नाव नाही, हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे. इस्राएल या नावाचा सर्वांत जुना निर्विवाद उल्लेख मर्नेप्ताह या फारोच्या विजयशिलेवर आहे. ती शिला फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६ साली थीब्ज येथे सापडली आणि तिचा काळ इ. स. पू. १२०८च्या सुमाराचा आहे. त्या वेळी कनानात, म्हणजे याकोबाच्या मूळ देशात, या नावाचे लोक होते, एवढे तिच्यावरून कळते. रामसेस हे नगरनाम इ. स. पू. १३व्या शतकाकडे, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या काळाकडे, बोट दाखवते. १ राजे ६:१ मधील, निर्गमापासून शलमोनाच्या मंदिराच्या बांधकामापर्यंतच्या ४८० वर्षांचा हिशेब मात्र १५व्या शतकाकडे नेतो. परके मजूर विटा पाडीत आहेत असे चित्र थीब्जजवळच्या रेखमिरे या वजिराच्या थडग्यात आहे. ते इस्राएल लोकांचे चित्र नव्हे. पण निर्गमात वर्णिलेली माती, गवत आणि मुकादम यांची दुनिया मिसरात खरोखर होती, याची ते साक्ष देते.

प्रश्न : मिसरातील सुटकेच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या पेसाह म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हगादा या पुस्तकात मोशेची कथा नसते असे ऐकले. हे खरे आहे का? (अलिबाग येथील वाचक)

उत्तर : बहुतांशी खरे आहे. प्रचलित हगादेत मोशेचे नाव एका उद्धृत वचनाच्या ओघात येते, त्यापलीकडे नाही. सुटका देवदूताच्या किंवा निरोप्याच्या हातून नव्हे, तर देवाने स्वतः केली, यावर तिचा भर आहे. आपण अलिबागहून लिहिता म्हणून सांगतो की कोकणातून आलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी मराठी अनुवादासह सचित्र हगादा १८७४ साली पुण्यात छापली गेली होती. जुन्या घरांतून तिची प्रत आढळली तर ती जपून ठेवावी. हगादेतील निरूपण निर्गमापासून सुरू होत नाही. अनुवादाच्या २६व्या अध्यायात शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन जे शब्द बोलतो त्यांचा ती आधार घेते : माझा पूर्वज भटका अरामी होता, तो थोडक्या माणसांनिशी मिसरात गेला आणि तेथे त्याचे मोठे राष्ट्र झाले. तो पूर्वज म्हणजे याकोब. हगादा तर त्याच वचनाचा वेगळा अन्वय लावून आणखी मागे जाते आणि म्हणते की फारोने फक्त मुलगे मारण्याचा हुकूम काढला होता, पण याकोबाचा सासरा, अरामी लाबान, सारेच कूळ उखडायला निघाला होता. म्हणजे हगादा रचणाऱ्यांच्या हिशेबाप्रमाणे पहिली सुटका मिसरात नव्हे, तर याकोब बायकामुलांसह लाबानाच्या घरून निघाला तेव्हाच झाली होती.